माघ म्हणजे एकोणऐंशी

आमच्या माजघराच्या तुळईवर एक ओळ कोरलेली आहे : ‘शके १८१२ माघ शु. ५’. चुलीच्या धुराने लाकूड इतकं काळं पडलंय की खालून ती दिसत नाही. माळ्यावर चढताना शिडीच्या वरून दुसऱ्या पायरीवर थांबलं की बोट पोचतं आणि बोटानेच ती वाचायची. घर रेवदंड्याच्या अलीकडे, मागे सुपारीची वाडी, वाडीच्या मागे समुद्र.

१९९० साली मी नुकताच बी.कॉम. झालो होतो आणि घरातला हिशोबाचा माणूस म्हणून मिरवत होतो. शके १८१२ अधिक ७८ म्हणजे १८९०. घराला शंभर वर्षं! मुंबईचे सगळे भाऊबंद गोळा केले, वसंत पंचमीला सत्यनारायण घातला, पत्रिका छापल्या आणि पत्रिकेवर ठसठशीत ‘१८९०–१९९०’. पंगती उठल्यावर भटजी ओटीवर सुपारी कातरत बसले होते. कोणीतरी कौतुकाने तुळईवरची ओळ त्यांना म्हणून दाखवली. अडकित्ता थांबला. “माघ ना? मग अठ्ठ्याहत्तर कसे? माघ म्हणजे एकोणऐंशी. शंभरी पुढच्या साली रे बाबा.”

शक बदलतो चैत्रात. इंग्रजी साल त्याच्या आधी तीनेक महिने बदलून बसलेलं असतं. म्हणून जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७८ ऐवजी ७९ मिळवायचे. एवढंच. पण तेवढ्यासाठी आमचं घर एक वर्ष आधीच शंभराचं झालं ते झालंच. पुढच्या वर्षी पुन्हा पुरण घालायला कोणी तयार नव्हतं.

माझं आणि सनावळ्यांचं हे असं जुनंच आहे. त्याचं खापर मी इंद्रजाल कॉमिक्सवर फोडतो.

टाइम्सवाल्यांनी १९६४ मध्ये सुरू केलेली ही चित्रमालिका १९९० पर्यंत चालली. म्हणजे माझं बालपण तिच्या ऐन भरात आलं. मराठीतही अंक निघत. आमच्याकडे ते थेट येत नसत. मुंबईचे काका वर्षभराचे अंक सुतळीने बांधून मे महिन्यात आणत, कडेचे दोन अंक सुतळीने कापलेले. त्यात मँड्रेक असायचा, पण त्याचं मला फारसं काही नव्हतं. खरा आपला तो वेताळ. मूळचा फँटम, ली फॉक या अमेरिकन माणसाने १९३६ च्या फेब्रुवारीत वर्तमानपत्रात सुरू केलेला.

वेताळाची जन्मकथा दर चार-दोन अंकांनी पुन्हा सांगितली जाई. समुद्री चाचे जहाज लुटतात, कप्तान मारला जातो, त्याचा तरुण मुलगा किनाऱ्याला लागतो, जंगलातले बुटके लोक त्याला वाचवतात आणि बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून तो शपथ घेतो. साल १५३६. कवटीच्या डोळ्यांच्या खाचांकडे बघत मी ते साल पाठ केलं. दुसरं कुठलं पाठ करावं लागलं नाही इतकं सहज.

पाचवी-सहावीत आम्हाला सनावळीची वही असे. एका पानावर मी लिहिलं होतं : १५२६ पानिपतची पहिली लढाई, १५३६ वेताळाची शपथ, १५५६ पानिपतची दुसरी लढाई, १५७६ हळदीघाट. आजही त्या पानाकडे बघितलं तर त्यात खटकण्यासारखं काही वाटत नाही. सगळी सहावर संपणारी सालं, सगळीकडे कोणीतरी मेलेलं. गुरुजींनी ते वर्गात मोठ्याने वाचलं, मग वही माझ्या डोक्यावर आपटली आणि नंतर (हे त्यांचं मोठेपण) मधल्या सुट्टीत मला बोलावून विचारलं, “तो अंक आहे का तुझ्याकडे? घेऊन ये उद्या.”

फॉकने १५३६ च का धरलं असेल, याचा उलगडा मोठेपणी पाठकोऱ्या कागदावर एक वजाबाकी केल्यावर झाला. १९३६ वजा १५३६. बरोब्बर चारशे. वेताळाच्या मूळ पुरुषाचा बाप म्हणे पोरवयात कोलंबसाच्या जहाजावर नोकराला होता. एकदा कोलंबसाच्या खुंटीला दोरी बांधली की पुढचं सगळं आपोआप इतिहासासारखं दिसायला लागतं. खोट्याला खऱ्याच्या शेजारी बसवायचं आणि आपण बाजूला व्हायचं. माझ्या सनावळीच्या पानावर मी नकळत तेच केलं होतं.

आणि आजचा वेताळ एकविसावा. चारशे वर्षांत एकवीस म्हणजे माणशी जेमतेम वीस वर्षं. आमच्या देवघरातल्या पत्र्याच्या डब्यात एक वंशावळ आहे. तिच्यातही मूळ पुरुष आहे, खाली नऊ पिढ्यांची नावं, आणि एकाही नावापुढे साल नाही. वेताळाकडे कवटीच्या गुहेत रोजनिशांची रांग, प्रत्येक पूर्वजाने लिहिलेली. आमच्या पूर्वजांनी काय लिहिलं? नारळाचे हिशोब. तेही वाळवीने वाचले.

वेताळ हे नाव मराठीत कोणी ठेवलं त्याला मी मनातल्या मनात नेहमी हात जोडतो. माझी एक मावशी शिरोड्याला दिलेली. एका सुट्टीत मला तिच्याकडे धाडलं, अंकांची चळत घेऊनच मी गेलो. शिरोड्याच्या शेजारी आरवली, आणि आरवलीचा वेतोबा. तिथे देवाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो, चालून चालून त्याच्या चपला झिजतात, म्हणून. देवळात मांडलेली ती पायताणं पाहून माझी खात्रीच पटली की हाच तो. चालतं-फिरतं भूत! मी मावशीच्या सासूबाईंना विचारलं, ह्याचा पांढरा घोडा कुठे आहे?

“घोडो कित्याक व्हयो तेका?” त्या म्हणाल्या. “चलान चलान चपलो झिजतत तेचे.”

“आणि तो कुठल्या सालापासून आहे?”

“सन कसलो? देव आधी, गाव मागसून.”

मी कॉमिक उघडून १५३६ दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून कवटी बघितली आणि मला देवळाच्या पायरीवर ते बंद करायला लावलं.

आपल्याकडच्या अंकांत एक गंमत केलेली असे. मूळ इंग्रजीत वेताळाच्या देशाचं नाव ‘बंगाली’च्या जवळ जाणारं होतं आणि चाचे होते ‘सिंग’. भारतात हे कसं चालायचं? म्हणून देश झाला डेंकाली आणि चाचे झाले सिंगा. नावं बदलली, साल मात्र कोणी हलवलं नाही. सालाने कोणाच्या भावना दुखावत नाहीत असं त्यांना वाटलं असावं. खरं तर त्या सालाकडेच बघायला हवं होतं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली होती. आमच्या रेवदंड्यात, म्हणजे तेव्हाच्या चौलात, ते त्याही आधी बस्तान मांडून बसले होते. या दर्यात कोणाचं तारू दिसलं की ते कार्ताझ मागत. कार्ताझ म्हणजे त्यांनीच पैसे घेऊन दिलेला परवाना. नसेल तर माल जप्त. १५३६ साली आमच्या किनाऱ्यावर उभं राहून कोणी विचारलं असतं की चाचे कोण, तर बोट कुठल्या दिशेला गेलं असतं?

पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी इंग्रज आमच्या कान्होजी आंग्र्यांना चाचा म्हणू लागले. मराठ्यांचा सरखेल, पदरी आरमार, हाती किल्ले, तो स्वतःच्या पाण्यात दस्तक मागतो तर चाचा. अलिबागेत त्यांची समाधी आहे. शाळेच्या सहलीत तिथे उभं असताना मी एका मित्राला म्हटलं होतं, वेताळाने शपथ चुकीच्या लोकांविरुद्ध घेतली काय रे? तो म्हणाला, डबा उघड.

अमर चित्रकथा आली आणि माझा गोंधळ वेगळ्याच बाजूने वाढला. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या या अंकांनी आमच्या पिढीला निम्मं पुराण आणि निम्मा इतिहास शिकवला. पण कृष्ण आणि शिवाजी महाराज एकाच घाटणीचे काढलेले. तसेच दंड, तसेच डोळे, मागे तसंच निळं आकाश. मग पुराण कुठे संपलं आणि इतिहास कुठे लागला, हे आठ वर्षांच्या पोराने ओळखायचं कसं? एकच खूण होती. कुठेतरी चौकटीत, नाहीतर आतल्या मुखपृष्ठावरच्या निवेदनात साल सापडलं तर इतिहास. ‘फार फार पूर्वी’ असलं तर पुराण. एवढ्याशा आकड्यावर केवढा भार! फुग्यातली वाक्यं लेखकाने रचलेली, कपडे चित्रकाराने ठरवलेले, चेहरा तर कल्पनेचाच. त्या पानावर खरं म्हणून बोट ठेवावं असं त्या चार आकड्यांखेरीज फारसं काही नसतं.

आणि तेही हलतात. महाराजांच्या जन्माचंच घ्या. एक मत वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९, म्हणजे १६२७ चा एप्रिल. दुसरं फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, जेधे शकावलीतलं. सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली ती २००१ मध्ये, पण तिथी मानणारे आजही तिथीनेच पालखी काढतात. आता शके १५५१ मध्ये ७८ मिळवून बघा. १६२९. फाल्गुन आहे, एकोणऐंशी मिळवायला हवेत! आमच्या तुळईचाच घोळ. आणि त्या काळच्या सुरतेच्या इंग्रजाला तो दिवस लिहायला सांगितला असता तर त्यानेही १६२९ च लिहिलं असतं, कारण इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं. भटजींना हे सांगायला हवं होतं. ते आता नाहीत.

राज्याभिषेकाचं तर फारच बहारीचं आहे. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. आपण ६ जून १६७४ म्हणतो. ही तारीख इंग्रजांची, त्यांच्या जुन्या पंचांगाची. त्यांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या दिवशी गडावर हजर होता. पण पोर्तुगीजांनी १५८२ लाच पोपचं नवं पंचांग घेतलेलं. इंग्रजांनी ते घेतलं थेट १७५२ मध्ये. तोवर दोघांत दहा दिवसांचं अंतर, पुढे ते अकरा झालं. म्हणजे रायगडावर चौघडा वाजत होता तेव्हा मुंबईच्या इंग्रजाच्या वहीत ६ जून होता आणि चौलच्या पाद्र्याच्या वहीत १६ जून. मुरुडच्या सिद्दीकडे हिजरी १०८५ चा रबिलावल. आणि मराठ्यांच्या कागदांत शकाबरोबर शुहूर सनही, जो मृगाबरोबर बदलायचा. वर्ष पावसाबरोबर सुरू करावं ही कल्पना मला फार आवडते. आमच्याकडे खरं वर्ष तेव्हाच सुरू होतं, वाडीत आळी करून झाली की.

माझ्या डोक्यात याचं एक चित्र कायम आहे. हिवाळ्यातला दिवस, चौलच्या खाडीतून एक मचवा निघतो. चौलात १६ तारीख. वारा बरा लागतो, दुसऱ्या दिवशी मुंबई गाठतो आणि बंदरावर तारीख असते ७. निघाला त्याच्या नऊ दिवस आधी पोचला! तांडेलाला ह्याचं काही नाही, तो अष्टमी-नवमीचं भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी, बघून चालतो. कोणी चित्रकाराने हे एक पान काढावं. वरच्या कोपऱ्यातल्या पिवळ्या चौकटीत काय लिहायचं, तेवढं मात्र त्यालाच ठरवू दे.

परवा पुतणी आली होती. पुण्यात फ्रेंच शिकते, म्हणून मोठ्या ऐटीत टिनटिनचा एक मूळ फ्रेंच अंक घेऊन आली, युनिकॉर्न जहाजाचं रहस्य असलेला. माझ्याकडे त्याचा इंग्रजी अनुवाद आहे, पन्नाशीच्या माणसाकडे असावा तसा, कण्यावर चिकटपट्टी लावलेला. कॅप्टन हॅडॉक पूर्वजाची रोजनिशी वाचत वाचत स्वतःच तलवार परजू लागतो, ते पान आम्ही दोघं शेजारी ठेवून बघत होतो. पडवीत, फणसाचे गरे खात, त्यामुळे पानं उलटायची परवानगी फक्त तिला.

“काका, तुझ्यात किती साल आहे?”

“१६७६.”

“माझ्यात १६९८.”

मी चिकट हात धुऊन आलो. खरंच. तीच लाट, तोच लाल डगला, तोच चाच्यांचा काळा झेंडा, आणि साल बावीस वर्षांनी वेगळं. टिनटिनचा कर्ता हर्जे, त्याने मूळ कथा १९४२-४३ मध्ये काढली तेव्हा हॅडॉकचा पूर्वज फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या आरमारात होता. १९५९ च्या इंग्रजी अनुवादात त्याला इंग्लंडचा दुसरा चार्ल्स राजा दिला. आता हा चार्ल्स १६८५ ला वारला. १६९८ मध्ये त्याचं जहाज कुठून आणणार? म्हणून तारीख मागे ओढली. एक राजा बदलला की सगळं बावीस वर्षं मागे! इंद्रजालवाल्यांनी नावं बदलून साल ठेवलं होतं, ह्यांनी नाव बदललं आणि सालाचीही काळजी घेतली. कारकुनी दृष्टीने मला हे काम फार चोख वाटतं.

पुतणीला हसू येत होतं, मला मात्र भलतंच सुचलं. हा दुसरा चार्ल्स म्हणजे ज्याला पोर्तुगीज राजकन्येच्या हुंड्यात मुंबई मिळाली, आणि ज्याने ती १६६८ मध्ये कंपनीला वर्षाला दहा पौंडांवर देऊन टाकली, तोच की! आणि १६७६? राज्याभिषेकाला दोन वर्षं झालेली, जंजिऱ्याशी झुंज चाललेली. १६९८? त्याच सुमारास कान्होजी सरखेल झाले. म्हणजे युनिकॉर्न फ्रेंच धरा नाहीतर इंग्रज, आमच्या किनाऱ्यावर तेव्हा काही ना काही घडतच होतं. हर्जेला त्याचा पत्ता नव्हता, त्याला तो असायचं कारणही नव्हतं. पण पडवीत बसून वाचणाऱ्याच्या डोळ्यांना समुद्र एकच दिसतो ना.

तिने मग मला फ्रेंच चित्रकथांतल्या अ‍ॅस्टरिक्सच्या गावाची आठवण दिली, जिथे १९५९ पासून आजवर इ.स.पू. ५० च चालू आहे. चाळीसच्या घरात पुस्तकं झाली, वर्ष पुरं होत नाही. सीझरचा खून व्हायला अजून सहा वर्षं आहेत आणि ती कधीच सरणार नाहीत. भाग्यवान सीझर. अमेरिकन मासिकांचं तर त्याहून उलटं. कॅप्टन अमेरिकाने हिटलरला ठोसा लगावला त्या पहिल्या अंकावर छापलंय मार्च १९४१, अंक दुकानात आला डिसेंबर १९४० मध्ये. शिळा वाटू नये, दुकानदाराने लवकर परत पाठवू नये, म्हणून पुढची तारीख टाकायची पद्धत. अमेरिका युद्धात उतरली त्यानंतर वर्षभराने. आमच्या एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर हे दुखणं कधी झालं नाही. तिथे मार्चचा अंक मे महिन्यात येई आणि आम्ही तो ताजा म्हणून घेत असू.

हे सगळं चालू असताना आई आत तांदूळ निवडत होती. ती सत्त्याऐंशीची आहे. तिच्याकडे साल नावाची गोष्टच नाही. थोरला भाऊ झाला तो ‘कोयनेच्या धक्क्याच्या थंडीत’. वाडीतल्या जुन्या विहिरीचा काठ खचला तो ‘निसर्ग वादळाच्या आधी की नंतर’ यावर तिचं आणि शेजारच्या वहिनींचं अजून भांडण आहे. आणि तिचं स्वतःचं बालपण सगळं एका गोष्टीच्या अलीकडे-पलीकडे उभं आहे : रामदास.

पुतणी चित्रं काढते. आजीची गोष्ट चित्रांत करायची असं तिने मनात धरलंय. वही घेऊन ती आजीसमोर बसली. पहिल्याच पानावर वर डाव्या कोपऱ्यात पट्टीने चौकट आखली, पिवळा रंग भरला आणि विचारलं, “आजी, तारीख?”

“तारीख कसली? गटारी होती.”

पुतणीने मोबाइल उघडला. १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून अधिक माणसं गेली. “म्हणजे आजी, स्वातंत्र्याच्या आधी महिनाभर!”

“असेल,” आई म्हणाली. “आम्हाला आधी हे कळलं, ते मागाहून.” सुपातला एक खडा तिने बाजूला टाकला. “किती दिवस घरात मासळी आली नाही. बाबा टोपली दारातूनच परत पाठवत. मला वाटायचं श्रावण आहे म्हणून. श्रावण संपला, तरी नाही.”

त्या वर्षी श्रावण अधिक आला होता. दोन श्रावण. हे मी नंतर पंचांगात पाहिलं.

पुतणी बराच वेळ पेन्सिल चावत होती. चौकट लहान आखली गेली होती, तीत गटारी मावली असती किंवा तारीख, दोन्ही नाही. मी म्हटलं, खोडून मोठी कर. ती म्हणाली, पिवळा खोडता येत नाही काका.

मग चौकट तशीच ठेवून तिने काळी पेन्सिल उचलली. “आधी पाऊस काढते,” म्हणाली.